चंदावलीची मोजणी

पंडिताच्या कानाखाली मी आवाज काढला तेव्हा त्याचा चष्मा उडून थेट गोंदाच्या डब्यात पडला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. शब्दकोशाच्या त्या कचेरीत मी पहारेकरी. दाराशी स्टुलावर बसायचं, कुलपं उघडायची, कुलपं लावायची आणि कार्डांचे जड खण उचलून इकडचे तिकडे करायचे. विद्वानांना हात लावायचं काम माझ्या नेमणुकीच्या कागदावर नव्हतं.

झालं होतं असं. पंडित म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात तरुण आणि स्वतःच्या मते सगळ्यात शहाणा माणूस. तो लष्करी शब्दांचा खण लावत होता. प्रत्येक शब्दाचं एक कार्ड. कार्डाला खालच्या बाजूला भोक, आणि खणातल्या सगळ्या कार्डांच्या भोकांतून एक हातभर लांब पितळी सळई आरपार घातलेली, म्हणजे कुणी मधलंच कार्ड उपसून नेऊ नये. जो शब्द आता कुणाच्याच तोंडात उरलेला नाही त्याच्या कार्डावर लाल फुली मारायची, असा नियम. पंडिताने एक कार्ड मोठ्याने वाचलं. "चंदावल. चालत्या सैन्याची पिछाडी. मूळ तुर्की, तिथून फारशीत, फारशीतून आपल्याकडे. मृत शब्द." आणि मारली फुली.

"मेलेला नाही तो," मी स्टुलावरून म्हणालो.

"कशावरून?"

"मी होतो चंदावलीत."

तो हसला. "म्हणजे मामा, तुम्ही सामानाबरोबर होतात. स्वयंपाकी, आजारी माणसं, लंगडी खेचरं. लढणारे पुढे असतात हो. म्हणून तर लोक बिनीचा शिलेदार म्हणतात. चंदावलीचा शिलेदार असं कुणाला म्हटलेलं ऐकलंय तुम्ही?"

यावर मी उठलो आणि वर सांगितलं ते केलं.

आमच्या संपादकबाई आतल्या खोलीतून आल्या. बाई साठीच्या पुढच्या, बुटक्या, आणि आवाज कधी न चढवणाऱ्या. अशा माणसांची मला सुभेदारापेक्षा जास्त भीती वाटते. त्यांनी चष्मा गोंदातून काढला, नळाखाली धुतला, पंडिताच्या नाकावर ठेवला आणि मला म्हणाल्या, "हवालदार, माफी मागा."

मी मागितली. दात ओठ खात मागितली, पण मागितली.

"आता दुसरं. जिवंत माणसाने साक्ष दिली की फुली निघते, हे तुम्हाला ठाऊक आहे. चार वाजता सगळ्यांसमोर बसा. तो शब्द तुमच्या तोंडात कसा होता ते सांगा. साक्ष खरी वाटली तर पंडित आपल्या हाताने फुली खोडतील. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

खिडकीजवळच्या टेबलावर टाइपरायटरची टकटक थांबली होती. तिथे माझी ताई बसते. साक्ष टाइप करायची तिने, आणि टाइप झाली की सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवायची तीही तिनेच. वाचताना चूक सापडली तर कागद फाडायचा आणि पहिल्यापासून. ताईच्या नजरेतून चूक सुटत नाही. बाई म्हणतात, अख्ख्या कोशात ताईच्या हातून गेलेलं एकही कार्ड परत आलेलं नाही.

ताईनेच मला इथे चिकटवलं. पलटणीतून सुटलो तेव्हा मी चार ठिकाणी नोकरी धरली आणि चारही ठिकाणी मारामारी करून सोडली. शेवटी ती मला हाताला धरून इथे घेऊन आली आणि बाईंना म्हणाली, माझा भाऊ आहे, वाया गेलेला नाही. मी तिच्याच घरी राहतो. तिच्या हातचं जेवतो. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, शाळेत मारामारी करून फोडून आणलेले माझे गुडघे तिनेच धुतले.

आणि तिचा नवरा माझ्यासोबत पलटणीत होता. घरी मी त्यांना भाऊजी म्हणायचो आणि पाया पडायचो. पलटणीत ते मला सलाम ठोकायचे आणि हवालदार म्हणायचे. याची त्यांना फार गंमत वाटायची. "घरी गेलो की बघतो तुला," असं सलाम ठोकता ठोकता हळूच म्हणायचे. भरती मीच केलं होतं त्यांना. निघताना ताई म्हणाली होती, "तू आहेस म्हणून पाठवते."

मी एकटा परत आलो. तिला सांगितलं की सकाळी पहिल्याच तोफगोळ्यात गेले. काही कळलंसुद्धा नाही त्यांना. माझ्या मांडीवर डोकं होतं, तुझं नाव घेतलं, संपलं. प्रेत पुराच्या पाण्यात गेलं. अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत तिने एकदाही उलटून काही विचारलं नाही. मांडीवर डोकं होतं ना, एवढंच कधीतरी मधेच म्हणायची, आणि मी हो म्हणायचो.

तेव्हा चार वाजता खुर्चीवर बसताना मी गप्प राहायला हवं होतं. दोन वाक्यं बोलून उठायला हवं होतं. पण समोर पंडित गाल चोळत बसलेला, आणि त्याच्या चेहऱ्यावर अजूनही ती लंगडी खेचरं. माझं डोकं पुन्हा सटकलं. म्हटलं, थांब लेका, तुला दाखवतोच चंदावल म्हणजे काय ते.

"लिही ताई," मी म्हणालो. "आमची पलटण माघार घेत होती. नदीवर पूल एकच, लोखंडी, साठ पावलांचा. सगळी पलटण पार होईपर्यंत अलीकडच्या काठावर कुणीतरी शत्रूला अडवून धरायचं. आम्ही वीस जण थांबलो. सुभेदार म्हणाला, आज तुम्ही चंदावल. त्याच्या आधीचा सुभेदारही हेच म्हणायचा. बाकीच्या पलटणी काय म्हणत होत्या देव जाणे, आमच्यात हाच शब्द. हा शब्द पुस्तकातून आलेला नाही पंडित, घोड्यावर बसून आलाय. पुढे जाते ती बिनी. तिला बक्षीस मिळतं, तिचं नाव होतं. मागे राहते ती चंदावल, आणि तिच्यामुळे बाकीचे घरी पोचतात."

टकटक, टकटक. ताई मान खाली घालून टाइप करत होती.

"उजाडता उजाडता पहिला गोळा पडला, तो चुलीवर. आमचा स्वयंपाकी चहा ढवळत होता. मी वळून बघितलं तर पातेलं सरळ उभं, आणि चुलीमागे माणूस नाही. कमरेपासून खालचा भाग भिंतीशी बसलेला. वरचा शोधायला वेळ नव्हता. दुसरा गेला वायरलेसवाला. त्याच्या गळ्यातून पत्र्याचा तुकडा गेला. दोन्ही हातांनी गळा दाबून तो माझ्याकडे चालत आला, काहीतरी सांगत होता, पण हवा बोटांतून निघत होती. माझ्या बुटांवर पडला. सकाळच्या वेळी हे दोघंच गेले. राहिलो अठरा."

पंडिताने गाल चोळायचं थांबवलं होतं.

"दुपारपर्यंत आम्ही पुलाजवळची आठ घरं धरून ठेवली. घर म्हणजे काय, जिने आणि मोऱ्या. ते दारातून आले की आम्ही जिन्यावरून मारायचो. जिन्याच्या पायऱ्या इतक्या ओल्या झाल्या की आमचीच माणसं घसरायला लागली. माझ्या बंदुकीतल्या गोळ्या संपल्या तेव्हा एक पोरगा मोरीच्या खिडकीतून आत शिरत होता. अर्धा आत, अर्धा बाहेर. माझ्या हातात खंदक खणायचं फावडं होतं. मी ते त्याच्या मानेवर घातलं. एकदा घालून भागलं नाही. तो काहीतरी म्हणत होता. भाषा त्याची वेगळी, मला कळली नाही, पण आईलाच हाक मारत असणार. मी चार वेळा घातलं. मग तो खिडकीत तसाच लटकून राहिला आणि त्याच्यामुळे बाकीच्यांना आत येता येईना. आम्हाला सोयीचं झालं."

"देवा," बाई म्हणाल्या.

"तुम्हीच म्हणालात साक्ष द्या. दोन वाजता पलीकडून शिट्टी झाली. पलटण पार झाली, आता तुम्ही या. आता ऐका, चंदावल म्हणजे खरं काय ते इथे आहे. शेवटचा माणूस पुलाच्या तोंडाशी उभा राहतो. धूर असतो, कान बधिर झालेले असतात, कोण आला कोण गेला दिसत नाही. म्हणून येईल त्याच्या पाठीवर थाप मारायची आणि आकडा ओरडायचा. थाप म्हणजे तू मोजला गेलास, पळ. आकडा पुरा झाला की मोजणाऱ्याने निघायचं आणि पलीकडच्या सुरुंगवाल्याला खूण करायची की पूल उडव. एकच नियम. मोजणाऱ्याने स्वतःला मोजायचं नाही. सुभेदार म्हणायचा, स्वतःला मोजलंस की तुझा जीव त्या आकड्यात शिरला, आणि मग घाई होते."

"हे जसंच्या तसं घ्या," बाई ताईला म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "हे कुठल्याच कोशात नाही."

पंडित पुढे सरकून बसला. "आणि शेवटचे तुम्ही होतात?"

"मग कोण तुमचे तीर्थरूप?"

"किती मोजलेत, मामा?" आता त्या मामा म्हणण्यात नुसता आदर होता. माझी छाती फुगली. मला हेच हवं होतं.

"सतरा," मी म्हणालो. "पुरे सतरा. आणि पूल उडवला."

पंडिताने लाल शाई खोडायचं रबर हातात घेतलं. टाइपरायटरची टकटक मात्र थांबली. ताई कागदाकडे बघत होती. जिथे चूक असते तिथे ती अशीच बघते.

"वीस होतात म्हणालास," ती म्हणाली.

"हो."

"सकाळी दोघंच गेले. स्वयंपाकी आणि वायरलेसवाला."

ते वाक्य परत घ्यायला हवं होतं. पण शब्द तोंडातून गेले होते, कागदावर उतरले होते, आणि उतरवले होते तिनेच.

"राहिले अठरा. तू सोडून सतरा. सतराही पूल ओलांडून आले." तिने मान वर केली. "मग हे कुठे होते?"

मी म्हणालो, "ताई, घरी बोलू."

"इथेच बोल. साक्ष चालू आहे."

"ताई."

"मांडीवर डोकं होतं म्हणालास मला. अकरा वर्षं मी त्या मांडीवर भागवलं. बोल, मी लिहिते."

आणि तिने खरंच पुन्हा बोटं ठेवली टाइपरायटरवर. मी तिला लहानपणापासून घाबरत आलो आहे, पण त्या वेळी घाबरलो तसा फावडं घेऊन उभा होतो तेव्हाही घाबरलो नव्हतो.

मी सांगायला लागलो. "सोळा झाले. सोळावा लंगडत होता, त्याला ढकलूनच दिला पुढे. सतरावे भाऊजी. ते शेवटच्या घरात होते, जिना धरून, बाकीच्यांना निघता यावं म्हणून. मी थांबलो. पुलाचे गज गोळ्यांनी वाजत होते. माझ्या कानाची पाळी उडाली, ही बघ, तेव्हाचीच. धुरातून कुणी येईना. ताई, पंधरा वर्षं मी कवायतीत रांगेच्या टोकाला उभा. तिथला नियम उलटा. प्रत्येकाने आपापला आकडा ओरडायचा, आणि टोकाच्याने स्वतःचा ओरडून पूर्ण म्हणायचं. पंधरा वर्षं रोज सकाळी. माझा पाय मागे सरकला, पुलाच्या फळीवर पडला, आणि माझाच हात माझ्या छातीवर पडला. तोंडातून निघालं, सतरा. मी ठरवून नाही म्हणालो. ते निघालं. मग मी पळालो. पलीकडे सुरुंगवाला दांडा धरून बसला होता. तो म्हणाला, पूर्ण? मी म्हणालो, पूर्ण."

टकटक. टकटक. थांबली.

ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते ती पुसत नव्हती. ती म्हणाली, "चूक झाली तुझी."

"हो, ताई."

"मोजण्यात चूक झाली. माणसाकडून होते." तिचा आवाज अगदी मऊ होता. गुडघे धुताना असायचा तसा. "एवढ्यासाठी अकरा वर्षं पोटात ठेवलंस? वेडा आहेस का रे?"

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. पंडित खाली बघत होता. तिथेच संपलं असतं. ताईने मला माफ केलं होतं, सगळ्यांसमोर, आणि मी रडत उठून तिच्या पाया पडलो असतो आणि संध्याकाळी तिच्यासोबत घरी गेलो असतो.

पण ताईच्या नजरेतून चूक सुटत नाही. तिने कागदावरची ओळ पुन्हा वाचली आणि विचारलं, "पूल उडायच्या आधी दिसले होते का तुला?"

नाही म्हणायचं होतं. एवढंच. दोन अक्षरं. कुणाला कळणार होतं? सुरुंगवाला पुढच्याच वर्षी मेला.

"दिसले," मी म्हणालो.

का म्हणालो ते मला आजही सांगता येणार नाही. ती मऊ आवाजात बोलली म्हणून असेल.

"धुरातून बाहेर आले. एका पायात बूट नव्हता. हात वर करून धावत होते, आणि त्यांच्यामागे वीसेक पावलांवर शत्रूची माणसं. पुलाच्या तोंडाशी पोचले आणि मी जिथे उभा असायला हवा होतो तिथे थांबले. थापेसाठी थांबले, ताई. सवयीने. इकडेतिकडे बघितलं. सुरुंगवाल्याने दांडा धरलेला. त्याने मला विचारलं, हवालदार, तो आपला का?"

"तू काय म्हणालास?"

"थांब म्हटलं असतं तर ते आले असते. त्यांच्यामागून दोघं-तिघं शत्रूचेही आले असते. आम्ही मारले असते त्यांना. कदाचित. मी म्हणालो, आपले सगळे आले. सतरा. त्याने दांडा दाबला. भाऊजी फळीवर चार पावलं आले होते. फळ्या उडाल्या त्यात मला एक हात दिसला. तो अजून वरच होता."

ताईने शेवटपर्यंत टाइप केलं. मग कागद ओढून काढला, उभी राहिली आणि नियमाप्रमाणे पहिल्यापासून मोठ्याने वाचला. स्वयंपाकी, वायरलेसवाला, फावडं, थाप. आवाज कुठे कापला नाही. 'एका पायात बूट नव्हता' इथे ती थांबली, आणि श्वास घेऊन पुढे गेली. वाचून झाल्यावर म्हणाली, "चूक नाही. बरोबर आहे." आणि कागद पंडितासमोर ठेवला. पंडिताने चंदावलीवरची लाल फुली खोडली.

मग ताई त्या खणाजवळ गेली आणि तिने सळई उपसली. मला वाटलं, कार्ड बसवते आहे. शेकडो कार्डं फरशीवर पसरली. ती त्यांच्यावरून चालत माझ्या मागे आली आणि सळई माझ्या पाठीत घातली.

"एक," ती म्हणाली.

बाई ओरडल्या. पंडित उठला, त्याला मी हाताने थांबवलं. दुसरा फटका त्याच जागी बसला. "दोन." ताई बारीक चणीची आहे, पण अकरा वर्षं रोज आठ तास टाइपरायटर ठोकलेले हात आहेत ते. चौथ्याला माझा शर्ट फाटला. सहाव्याला पाठीतून ओलं वाहायला लागलं. मी खुर्चीचे हात धरून बसलो. प्रत्येक फटक्यानंतर ती आकडा म्हणायची, ओरडून नाही, साफ आवाजात, आणि मला एकेकाचा चेहरा दिसायचा, पळत येणारा, पाठीवर माझी थाप घेणारा. नऊ. दहा. अकराव्याला सळई वाकली. तिने ती तशीच वापरली. चौदाव्याला मी खुर्चीवरून गुडघ्यांवर आलो. पंधराव्याला मला वाटलं, मी मेलो तर बरं होईल. सोळावा तिने मानेजवळ घातला, आणि माझं तोंड कार्डांवर आपटलं.

आणि ती थांबली.

मी वाट बघत होतो. मला तो एक हवा होता. मला वाटत होतं, तो एक बसला की काहीतरी फिटेल.

"सतरा म्हण," ताई म्हणाली.

मी मान वळवली. ती धापा टाकत उभी होती, केस सुटलेले, हातात वाकलेली सळई, आणि सळईवरून माझं रक्त तिच्या मनगटावर आलेलं.

"म्हण ना. मी नाही म्हणणार तो. तो त्यांचा आहे. तू म्हण."

मी तोंड उघडलं. जीभ टाळ्याला लागली. मी खरंच प्रयत्न केला. तोंडातून नुसती हवा आली.

"आता निघत नाही," ती म्हणाली. "तेव्हा कसं बरं निघालं?"